जहाजावरून आलेला मेल खरा कशावरून?

नांगरटाक्या | सोमवार, रात्री ९:४०

एका शिप मॅनेजमेंट कंपनीच्या ऑफिसात जहाजांचं आयटी बघतो. दर्यावर नोकरी केलेली नाही, तेव्हा जाणकारांनी भर घालावी म्हणून हा धागा.

जहाजावरून किनाऱ्यावर रोज काय काय येतं? नून रिपोर्ट (रोज दुपारचा जहाजाचा अहवाल), इंधनाचा हिशेब, स्पेअर पार्ट्सची मागणी, खलाशांच्या साइन-ऑन साइन-ऑफचे म्हणजे चढण्या-उतरण्याचे कागद. बंदर जवळ आलं की त्यात भर पडते: जनरल डिक्लरेशन, कार्गो डिक्लरेशन, शिप्स स्टोअर्स, क्रूचं सामान, क्रू लिस्ट, प्रवासी यादी, धोकादायक मालाचा मॅनिफेस्ट. हे सात म्हणजे आयएमओ या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेच्या, बंदरातली कागदपत्रं सोपी करणाऱ्या १९६५च्या फाल करारातले जुने फॉर्म. ८ एप्रिल २०१९पासून ही माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेण्याची सोय करणं करारातल्या देशांना बंधनकारक झालं. १ जानेवारी २०२४पासून 'मेरिटाइम सिंगल विंडो' सक्तीची झाली. जहाजाने एकदाच माहिती द्यायची, पुढे कस्टम्स, इमिग्रेशन, पोर्ट हेल्थ यांनी ती आपापसात वाटून घ्यायची.

कल्पना उत्तम. पण जहाजापासून त्या खिडकीपर्यंतचा पहिला टप्पा बऱ्याच ठिकाणी अजून असा आहे: मास्टर म्हणजे कॅप्टन एक्सेल भरतो, बंदरातल्या एजंटला मेल करतो, एजंटचा माणूस ते पोर्टलवर चढवतो. पोर्टलला पासवर्ड, ओटीपी सगळं आहे. मेलमधली फाइल वाटेत कोणी बदलली का, मुळात ती जहाजानेच पाठवली का, हे सांगणारं मात्र त्या फाइलमध्ये काहीच नाही. खाली 'मास्टर' असं टाइप केलेलं असतं आणि आपण ते मान्य करतो.

गंमत म्हणजे त्याच जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, एक्डिस या इलेक्ट्रॉनिक नकाशायंत्रात जे नकाशे भरले जातात, ते वीसेक वर्षांपासून एस-६३ योजनेखाली कूटबद्ध होऊन आणि डिजिटल सही घेऊन येतात. नकाशा कोणी पाठवला, वाटेत कोणी बदलला का, हे यंत्र तपासून घेतं. जहाजावर माणसं कोण आहेत आणि पोटात कुठला ज्वालाग्राही माल आहे, हे मात्र साध्या मेलवर.

यावर २०२२ साली आयईसी ६३१७३-२ हे मानक आलं, व्यवहारात 'सेकॉम'. त्याचा गाभा सोपा आहे. पाठवणाऱ्याने आपल्या खाजगी किल्लीने (फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त कोडने) निरोपावर सही करायची, घेणाऱ्याने त्याचं प्रमाणपत्र तपासून ती सही पडताळायची. गुप्त ठेवायचं असेल तर वर कूटबद्ध करायचं. जहाजाचा कॉम्प्युटर थेट इंटरनेटवर उघडा ठेवायची गरज नाही. जहाजाची टपालपेटी किनाऱ्यावर असते, लिंक मिळाली की जहाज ती रिकामी करून घेतं. ओळखपत्रं कोणी द्यायची यासाठी 'मेरिटाइम कनेक्टिव्हिटी प्लॅटफॉर्म' नावाची व्यवस्था उभी राहिली आहे. त्यात जहाज, सेवा, यंत्र, माणूस या प्रत्येकाची स्वतंत्र नोंद होते.

माझं मत: आपण 'हॅकर सुकाणू फिरवेल' या भीतीत अडकलो आहोत. खरी उणीव ओळख पटवण्याची आहे. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय चालतं?

---

मोर्सकाका | सोमवार, रात्री १०:२५

विषय आवडला. मी रेडिओ ऑफिसर होतो. १ फेब्रुवारी १९९९ला जीएमडीएसएस ही उपग्रह आणि रेडिओवरची नवी संकटसूचना यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि आमची जातच संपली.

आम्ही बॉम्बे रेडिओला, कॉलसाइन व्हीडब्ल्यूबी, मोर्समध्ये ट्रॅफिक, म्हणजे निरोप, द्यायचो. कीवर कोण बसलाय हे दोन ओळींत कळायचं. कोणी डॅश ओढायचा, कोणी दोन शब्दांत श्वास घ्यायचा नाही. जहाजावर नवा माणूस आला की किनाऱ्यावरचा लगेच विचारायचा, जुने कुठे गेले? ही ओळख कुठल्या नियमात नव्हती, पण तिची नक्कल करणं अवघड होतं. निरोपाची गुप्तता पाळण्याचं बंधनही आमच्यावर असायचं. कॅप्टनच्या घरची भानगड रेडिओवाल्याला सगळ्यात आधी कळायची आणि ती त्याच्याबरोबरच निवृत्त व्हायची.

पुढे टेलेक्स आला. त्यात 'आन्सरबॅक' असायचा, समोरचं यंत्र आपलं नाव-नंबर स्वतः सांगायचं. मग इन्मारसॅट-सी, उपग्रहावरून निरोप. आपल्याकडचं त्याचं किनारी स्थानक आर्वीला, नारायणगावजवळ. नातेवाइकांना सांगितलं की माझा निरोप जुन्नर तालुक्यातून येतो तर कोणाला खरं वाटायचं नाही.

तुमच्या आजच्या मेलमध्ये तो आन्सरबॅकसुद्धा नाही म्हणता. कमाल आहे.

---

कोडेकर | सोमवार, रात्री ११:०२

वाचनखूण साठवली. बाहेरच्या माणसाची शंका: मरीनट्रॅफिक या वेबसाइटवर कुठलंही जहाज घरबसल्या दिसतं. जहाजं ज्यावरून आपलं नाव आणि जागा सतत रेडिओवर सांगतात, ते एआयएस सरळ कूटबद्ध का करत नाहीत? आमच्याकडे साध्या चहाच्या ऑर्डरचं अॅपसुद्धा एचटीटीपीएसवर चालतं.

---

बारा_ते_चार | मंगळवार, पहाटे ३:१०

सध्या जहाजावरच आहे, सेकंड ऑफिसर. वॉचच्या वेळी फोन हातात नको, म्हणून हे आधी लिहून ठेवलं होतं आणि नेट मिळाल्यावर चढतंय.

@कोडेकर, एआयएसचं पहिलं काम दोन जहाजांनी एकमेकांना टाळणं हे आहे. रात्री दोनला समोर ग्रीक टँकर, डावीकडे चिनी बल्कर, मध्येच आपला डहाणूचा ट्रॉलर. सगळ्यांना एकाच क्षणी कळलं पाहिजे. कुलूप लावायचं तर किल्ली जगातल्या प्रत्येक बोटीला द्यावी लागेल. मग कुलूप कशाला? ते उघडंच हवं.

सहीचं म्हणाल तर ते मात्र हवं होतं. पण जागा नाही. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन चॅनलांवर चालतं, वेग सेकंदाला ९,६०० बिट. प्रत्येक चॅनलवर मिनिटाला २,२५० स्लॉट, म्हणजे बोलायच्या पाळ्या. जागा सांगणारा एक निरोप १६८ बिटचा. आजकाल जी लहान समजली जाते ती डिजिटल सही ५१२ बिटची. निरोपाच्या तिप्पट सही! सिंगापूरच्या सामुद्रधुनीत हे सुरू केलं तर स्लॉट पुरणार नाहीत. पुढची पिढी म्हणजे व्हीडीईएस, तिचा कमाल वेग सेकंदाला ३०७.२ किलोबिट, एआयएसच्या ३२ पट. सह्या तिथे मावतील.

आता खरा तिढा. जून २०१७मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ २०हून जास्त जहाजांचं जीपीएस त्यांना आत गेलेंझिकच्या विमानतळावर दाखवत होतं. जून २०२५मध्ये इराण-इस्रायल लढाईत होर्मुझच्या आसपास शेकडो जहाजांचं तेच झालं. अशा वेळी जहाजाने निरोपावर सही केली तर काय होईल? खोट्या जागेवर खरी सही. पडताळणीत पास. म्हणून आम्ही अजून रडारवर टेकड्यांचं अंतर घेतो, दीपगृहाचं बेअरिंग घेतो, इको साउंडरची खोली नकाशाशी लावून बघतो. जुन्या कॅप्टन लोकांची ही कटकट वाटायची, होर्मुझमध्ये तीच उपयोगी पडते.

---

नांगरटाक्या | मंगळवार, सकाळी ९:१५

@बारा_ते_चार, 'खोट्या जागेवर खरी सही' हे मला सुचलं नव्हतं. याची उलटी बाजूही आहे. जून २०२१मध्ये ब्रिटनची डिफेंडर आणि नेदरलँड्सची एव्हर्टसेन या युद्धनौका सेव्हास्तोपोलच्या दोन मैलांवर गेल्याचं एआयएसच्या वेबसाइटांवर दिसलं. त्याच वेळी ओडेसाच्या वेबकॅममध्ये त्या धक्क्याला बांधलेल्या दिसत होत्या. म्हणजे इथे जहाज बोललंच नव्हतं, त्याच्या नावाने दुसरंच कोणीतरी बोललं. सही असती तर हे तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं. हे दोन आजार वेगळे आहेत आणि एकाच गोळीने बरे होणार नाहीत.

---

सीएचए_उरण | मंगळवार, दुपारी १:३०

आम्ही न्हावाशेव्याला कस्टम्स क्लिअरन्सची कामं करतो, त्यामुळे किनाऱ्याकडची बाजू सांगतो. तुम्ही सगळे जहाजाकडे बघताय. भोक किनाऱ्याला आहे.

२७ जून २०१७. नॉटपेट्या हा कॉम्प्युटर व्हायरस आला आणि मर्स्क या बड्या जहाज कंपनीची जगभरची सिस्टिम झोपली. आमच्याकडचा एपीएमचा टर्मिनल त्यांच्याच घरातला, तोही बसला. जहाजं धडधाकट होती. क्रेनही धडधाकट. कुठला डबा कोणाचा आणि कुठे जायचा, एवढंच कोणाला सांगता येत नव्हतं. गेटपासून ट्रेलरची रांग, ड्रायव्हर लोक पावसात. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी दाव्होसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्याने उभे केले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर. आणि हा हल्ला जहाजांवर नव्हताच, युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेली रोगराई होती.

अँटवर्पचं प्रकरणही वाचा. २०११ ते २०१३, अमली पदार्थवाल्यांनी बंदरातल्या कंपन्यांच्या सिस्टिममध्ये शिरून डबा कुठे ठेवलाय आणि सोडवायचा कोड काय ते काढलं, आणि मालकाच्या आधी आपला ड्रायव्हर पाठवून डबा उचलला. मेलमधला व्हायरस पकडला गेल्यावर गडी थेट ऑफिसात घुसून कीबोर्डचे ठोके टिपणारी यंत्रं बसवून आले.

आता आपलं. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलला डिजिटल सही लागते, बंदराच्या पोर्टलवर व्हीसीएन (जहाजाच्या फेरीचा नंबर) काढायचा तर एजंटला लॉगिन लागतं, सगळं छान. आणि एका ऑफिसात मी डोळ्यांनी पाहिलंय: सहा जणांचे डिजिटल सहीचे डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर पिन. साहेब सुटीवर महाबळेश्वरला, साहेबांची सही उरणला. कायद्याने ती सही साहेबांचीच.

---

खलाशाची_आई | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

तांत्रिक काही कळत नाही, पण क्रू लिस्टचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझा मुलगा थर्ड इंजिनिअर आहे. त्या यादीत नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पासपोर्ट नंबर, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) नंबर असतो ना? ती किती जणांकडे जाते? गेल्या वर्षी घरी फोन आला, बोलणाऱ्याला जहाजाचं नाव, मुलाचा हुद्दा, पुढचं बंदर सगळं ठाऊक. 'एजंटकडून बोलतोय, मुलगा इमिग्रेशनला अडकलाय, पैसे भरा.' मुलाला व्हॉट्सअॅप केला तर तो जेवत बसला होता. पण त्या माणसाला हे सगळं कळलं कुठून?

---

नांगरटाक्या | मंगळवार, रात्री ८:२०

@खलाशाची_आई, ताई, तुम्ही आधी मुलाला विचारलंत हे फार बरं केलंत. यादी एजंट, त्याचा सब-एजंट, हॉटेलवाला, टॅक्सीवाला, क्रू बदल असेल तर तिकीटवाला, एवढ्या जणांच्या मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. टॅक्सीवाल्याला नाव आणि वेळ पुरते, पासपोर्ट नंबर कशाला? पण एकच एक्सेल सगळ्यांना फॉरवर्ड होते. कुणाला किती दिसावं हा वेगळा प्रश्न आहे आणि सही त्याचं उत्तर नाही. तिथे खरंच कुलूप लागतं. सिंगल विंडो नीट चालली तर त्यातला बराच फापटपसारा कमी होईल, कारण प्रत्येक खात्याला त्याच्या कामापुरतंच दिसेल.

मुलांशी आता निदान बोलता येतं हा भाग चांगला. एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या करारातल्या दुरुस्त्या डिसेंबर २०२४मध्ये लागू झाल्या, त्यात खलाशांना इंटरनेट देण्याची तरतूद आहे. स्टारलिंकने २०२२मध्ये जहाजांसाठी उपग्रह इंटरनेटची सेवा सुरू केल्यापासून वेगही आला. आमची डोकेदुखी एवढीच की क्रूचं वायफाय आणि ब्रिजचं नेटवर्क वेगळं ठेवायचं. काही जहाजांवर ते फक्त आकृतीत वेगळं असतं.

अवांतर: अमेरिकन नौदलाच्या मँचेस्टर या युद्धनौकेवर काही चीफ मंडळींनी कॅप्टनला न सांगता स्टारलिंकची डिश बसवली होती आणि वायफायचं नाव ठेवलं होतं 'स्टिंकी'. युद्धनौकेवर ही कथा, तर आमच्या बल्करची काय बिशाद.

---

सातपाटीकर | मंगळवार, रात्री ९:५०

मोठ्या जहाजांचं चाललंय, पण आमच्या बोटींवरही आता यंत्रं आलीत. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला वाढवण बंदराच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ती ट्रान्सपाँडरची (बोटीची जागा कळवणाऱ्या यंत्राची) योजना सुरू केली, १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख बोटींना. इस्रोचं यंत्र, दोन्हीकडून निरोप जातो-येतो. त्याआधीच्या डॅट या यंत्रात संकटाचं बटण दाबलं तरी पलीकडे कोणी ऐकलं का हे तांडेलाला कळायचं नाही. नवीन प्रकारात 'निरोप पोचला' असं परत येतं. वादळात तेवढ्यानेही धीर येतो.

पण गावात अर्ध्या लोकांची शंका वेगळीच. यंत्र चालू ठेवलं तर आमची जागा कोणाकोणाला दिसते? पापलेट कुठे लागलं हे सख्ख्या भावाला सांगत नाही कोणी. म्हणून काही जण बंद करून ठेवतात. २६/११ला ती कुबेर बोट पळवून आणली होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, तपासणीला आमची ना नाही. तटरक्षक दलाला दिसू दे, शेजारच्या बोटीला नको.

---

बारा_ते_चार | बुधवार, पहाटे २:५५

@सातपाटीकर, दादा, तुमच्यासारखीच मागणी मोठ्या जहाजांची होती आणि त्यावर एलआरआयटी आलं. एआयएस सगळ्यांसाठी उघडं. एलआरआयटी मात्र दर सहा तासांनी उपग्रहावरून जागा कळवतं आणि ती बघायचा हक्क ठराविक सरकारांनाच: ज्या देशाचा झेंडा तो, जिथे बंदराला चाललोय तो, आणि ज्याच्या किनाऱ्यापासून १,००० मैलांच्या आत आहोत तो. शोध-बचाव यंत्रणेलाही. म्हणजे 'कोणाला दिसावं' हे ठरवून बांधलेली व्यवस्था असू शकते. तुमच्या यंत्रालाही हाच नियम लावा आणि तो गावात लिहून दाखवा, मग बंद करणारे कमी होतील असं वाटतं.

---

संपादक | बुधवार, सकाळी ८:००

होर्मुझवरून सुरू झालेले राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

---

कोडेकर | बुधवार, सकाळी ११:३०

सगळं वाचलं, आता थोडा विरोधी सूर. सही-सही म्हणताय, पण किल्ली चोरीला गेली तर? ते प्रमाणपत्र रद्द झालंय हे भर समुद्रात लिंक नसलेल्या जहाजाला कोण सांगणार? आणि सगळ्यात वरची, मूळ प्रमाणपत्र देणारी संस्था कोणाची? अमेरिकेची, चीनची, आयएमओची? बँकांचं एक बरं आहे, त्यांच्या वर रिझर्व्ह बँक आहे. समुद्रावर कोण आहे?

---

नांगरटाक्या | बुधवार, दुपारी ३:४०

रास्त शंका. रद्द प्रमाणपत्रांची यादी लिंक मिळाल्यावरच ताजी होते, तोवर जहाज जुन्या यादीवर विश्वास ठेवतं. यावर प्रमाणपत्राची मुदत कमी ठेवणं एवढाच इलाज, आणि मुदत कमी केली की नूतनीकरण विसरलं जातं. नकाशांच्या बाबतीत मोनॅकोची आयएचओ ही आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना सगळ्यात वर बसते आणि ते सगळ्यांनी मान्य केलंय. निरोपांच्या बाबतीत तसं एक नाव नाही. देशांनी आपापली नोंदवही ठेवावी आणि एकमेकांची मान्य करावी, अशा दिशेने गाडी चाललीय. वेळ लागणार.

जुनी जहाजं हा आणखी मोठा अडथळा. जहाजांची बांधणी तपासून दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्थांचे ई२६ आणि ई२७ हे सायबर नियम १ जुलै २०२४पासून बांधणीचे करार झालेल्या नव्या जहाजांनाच लागू. आज फिरणाऱ्या जहाजांवर काही एक्डिसमध्ये अजून विंडोज ७ आहे आणि नकाशे पेनड्राइव्हने चढतात. आयएमओच्या ठरावाने २०२१पासून सायबर जोखीम सेफ्टी मॅनेजमेंटमध्ये धरावी लागते, पण ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेली चेकलिस्टही मी पाहिलीय.

---

मोर्सकाका | बुधवार, संध्याकाळी ५:१०

एक सांगा. किल्ली जहाजाची की कॅप्टनची? कॅप्टन चार महिन्यांनी उतरतो. माझ्या वेळी माणूस उतरला की त्याचा हातही त्याच्याबरोबर उतरायचा.

---

नांगरटाक्या | बुधवार, संध्याकाळी ६:००

काका, दोन्ही. जहाजाची वेगळी, माणसाची वेगळी. कॅप्टन बदलला तरी जहाजाची राहते, त्याची स्वतःची त्याच्याबरोबर जाते. हँडओव्हर नोट्समध्ये तिजोरीच्या किल्ल्या आणि औषधांच्या कपाटाबरोबर हीही ओळ यायला हवी.

---

सीएचए_उरण | बुधवार, रात्री ९:०५

सातही फॉर्म एकदम सुधारणार नाहीत. एकच निवडायचा तर कुठला?

---

बारा_ते_चार | गुरुवार, पहाटे ३:०५

धोकादायक मालाचा मॅनिफेस्ट, डोळे मिटून. क्रू लिस्ट चुकली तर इमिग्रेशनवाला ओरडेल. हा चुकला तर आग पाण्याने विझवायची की नाही हेच चुकतं. २५ मे २०२५ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं. ६४० कंटेनर, त्यातल्या १३ मध्ये धोकादायक माल, १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. त्याला पाणी लागलं की अॅसिटिलीन वायू तयार होतो. दोन आठवड्यांनी, ९ जूनला, केरळसमोर वान हाय ५०३ला आग लागली, ते तर कोलंबोहून न्हावाशेव्यालाच येत होतं. चार खलाशी बेपत्ता झाले. अशा वेळी कुठल्या डब्यात काय आहे ही यादी बचावाला आलेल्या तटरक्षक दलाच्या हातात मिनिटांत पडली पाहिजे आणि ती शेवटची, बरोबर यादी आहे याची खात्री पाहिजे.

मात्र एक लक्षात ठेवा. मॅनिफेस्टवर सही मास्टरची असली तरी डब्यात काय भरलं ते शिपरने, म्हणजे माल पाठवणाऱ्याने, सांगितलेलं असतं. आम्ही सीलबंद डबा उघडून बघत नाही. चारकोलला 'कोळशाची भुकटी' लिहून पाठवणारे आहेतच. सहीची साखळी जिथे डबा भरला तिथून सुरू झाली नाही, तर जहाजावरची सही फक्त ऐकीव माहितीवरची.

---

सीएचए_उरण | गुरुवार, सकाळी १०:२०

डबा भरला तिथली सही म्हणजे शिपिंग बिल, निर्यातीचा कस्टम्सचा कागद, आणि ते आमच्यासारख्यांच्याच हातून जातं. म्हणजे डोंगल आमचाच. त्या ऑफिसात माझा मेहुणा आहे, आज जेवायच्या सुटीत फोन करतो. पिन बदलायला दहा मिनिटं पुरतील, साहेबांना पटवायला महिना.